ठिपक्यांवरून ओळख

(१९७९ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, जेवणाआधीच्या सत्रात केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवताना थोडं नीटनेटकं केलं आहे, फार नाही.)



संयोजकांनी मला ‘परदेशातले अनुभव’ असा विषय दिला होता. मी फोनवर म्हटलं, ते सगळ्यांचे सारखेच असतात, मी मासे ओळखण्याबद्दल बोलू का? पलीकडे थोडी शांतता पसरली. मग प्रश्न आला, “म्हणजे ताजे की शिळे, ते?”

तसं नाही. एकाच जातीचे, एकाच ओढ्यातले शंभर मासे असताना त्यातला हा कोणता आणि तो कोणता, हे ओळखण्याबद्दल मला बोलायचंय. आज सकाळी ते माणसांच्या बाबतीतही मला जमलं नाही, हे आधीच कबूल करतो. चहाच्या टेबलाशी एका गृहस्थांना मिठी मारून मी विचारलं, “काय रे, चित्रकला चालू आहे का अजून?” ते आपल्या एका वर्गमैत्रिणीचे यजमान निघाले. भले गृहस्थ, त्यांनी “चालू आहे” असंच सांगितलं.

मी राहतो त्या गावाचं नावच स्टेट कॉलेज आहे. वडील पत्र टाकायचे तेव्हा पोस्टमास्तर विचारायचे, कॉलेज कळलं, गाव कुठलं? पेनसिल्व्हेनियातलं हे विद्यापीठाचं गाव. १९८७ साली शिकायला गेलो आणि तिथल्याच एका प्रयोगशाळेत नोकरीला लागलो. गावाजवळून स्प्रिंग क्रीक नावाचा ओढा वाहतो. आपल्या कृष्णेपुढे अगदी पोरगेला, बऱ्याच ठिकाणी तर चालत ओलांडता येतो. पण तो प्रदेश चुनखडीचा आहे. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि झऱ्यांनी पुन्हा वर येतं. त्यामुळे थंडीत ओढा गोठून जात नाही आणि उन्हाळ्यातही बराचसा गार राहतो. अशा पाण्यात ट्राउट मासा खूश असतो.

हा ब्राउन ट्राउट मूळचा युरोपातला. त्याची अंडी १८८३ साली जर्मनीतून बोटीने अमेरिकेत आली. आपल्याकडे इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या तोंडावर काश्मीरमध्ये तोच मासा आणून सोडला. म्हणजे तोही माझ्यासारखाच बाहेरून आलेला. पण आता त्याच ओढ्यात जन्मतो, तिथेच वाढतो, तिथल्याच खड्यांत अंडी घालतो, म्हणून त्याला ‘जंगली’ म्हणतात. हौदात वाढवून ट्रकने आणून सोडलेले मासे वेगळे. जंगली माशाचा रंग बघावा. पाठ ऑलिव्हच्या फळासारखी, पोट लोण्यासारखं पिवळं, अंगावर काळे आणि लाल ठिपके, आणि पुष्कळ ठिपक्यांभोवती फिकट कडं, जसं पावसाळी चंद्राला पडतं.

या ओढ्यात पकडलेला मासा परत सोडावाच लागतो. त्यामागे भूतदया नव्हती. एका रासायनिक कारखान्यातून झिरपलेलं विष माशांच्या चरबीत सापडलं, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हुकूम निघाला की इथला मासा कोणी खायचा नाही, घरी न्यायचा नाही. हौदातले मासे आणून सोडणंही बंद झालं. झालं असं की ना कोणी मारायला उरलं, ना बाहेरून आलेली गर्दी. जंगली मासे तिथे भरभरून वाढले. पुढे विषाचं प्रमाण उतरलं, नियम तसाच राहिला.

आता लहानपणी आपण काय करायचो? मेणवलीच्या घाटाखाली कणकेची गोळी किंवा गांडूळ लावून बसायचो. दिवसभरात एखादा शिंगाळा लागला तर पुढे आठवडाभर गप्पा. तो घरी आणायची मला सोय नव्हती, म्हणून ज्याच्या घरी चालायचं त्याला देऊन टाकायचो. (तो समोर बसून हसतोय. बावीस माशांचा हिशेब अजून बाकी आहे.) तेव्हा कोणी सांगितलं असतं की मासा पकडायचा, त्याचा फोटो काढायचा आणि परत सोडायचा, तर आपण त्याला कृष्णेत ढकललं असतं.

मला हा नाद शेजारच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी लावला. त्या गावात तो नाद लागणं अवघड नाही. तिथल्या विद्यापीठात जॉर्ज हार्वे नावाच्या गृहस्थांनी फ्लाय फिशिंगचा रीतसर वर्ग चालवला. त्या वर्गाला १९४७ पासून परीक्षेचे गुणही मिळत! गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून पाण्यातल्या किड्याची हुबेहूब नक्कल करायची आणि ती अलगद पाण्यावर टाकायची. मे महिन्यात संध्याकाळी सल्फर नावाचे पिवळसर किडे पाण्यातून उडतात, तेव्हा ओढ्याच्या पाठीवर पाऊस पडल्यासारखी वर्तुळं उठतात. एकेक वर्तुळ म्हणजे एकेक तोंड.

२००९ च्या मे महिन्यात अशाच एका संध्याकाळी एका जुन्या झाडाच्या मुळांपाशी मला एक ट्राउट मिळाली. अकरा इंच. फोटो काढला, सोडली, विसरलो. सप्टेंबरात त्याच मुळांपासून पाचसहा पावलांवर पुन्हा एक मिळाली, साडेअकरा इंच. घरी येऊन फोटो संगणकावर टाकले आणि माझा हात थांबला. डाव्या डोळ्यामागे, कल्ल्यावरच्या झाकणावर, तीन गोल ठिपके आणि चौथा खाली शेपूट काढलेला. अगदी स्वल्पविराम. तो मी आधी पाहिला होता. मे महिन्याचा फोटो शोधून शेजारी लावला. तीच!

त्या रात्री मला झोप आली नाही म्हटलं तर तुम्ही हसाल. पण विचार करा, तोपर्यंत तेरा वर्षं मी ‘ट्राउट’ पकडत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी भेटलं.

आता यातली खुबी सांगतो, कारण सर समोर बसलेत आणि त्यांना वरवरचं चालत नाही. माशाच्या पिल्लाच्या अंगावर बोटांच्या ठशांसारखे उभे पट्टे असतात. ते पुढे पुसट होतात, नवे ठिपके उमटतात. त्यामुळे पिल्लू ओळखून ठेवून काही उपयोग नाही, वर्षभरात चेहरामोहरा बदलतो. मोठ्या माशाच्या ठिपक्यांची मांडणी मात्र बरीच टिकते. रंगावर विसंबायचं नाही, कारण मासा गडद तळावर काळपट होतो आणि उजळ वाळूवर फिका. आकारावर तर मुळीच नाही. विणीच्या दिवसांत, म्हणजे पानं गळतात त्या सुमाराला, नराचा खालचा जबडा वर वळून आकड्यासारखा होतो आणि ओळखीचा मासा भलताच कोणीतरी दिसू लागतो. मला सर्वांत भरवशाची जागा वाटते ती डोळ्यामागची, कल्ल्याच्या झाकणावरची. तिथे ठिपके मोजके असतात आणि माशाने अंग वाकवलं तरी ती जागा वाकत नाही.

आणि एक गोष्ट शिकायला मला पूर्ण एक वर्ष लागलं. माशाची डावी बाजू आणि उजवी बाजू सारखी नसते. मी कधी ही बाजू टिपायचो, कधी ती, आणि मग घरी बसून डाव्याची उजव्याशी गाठ घालायचो. तेव्हापासून नियम केला, फोटो फक्त डाव्या बाजूचा.

वाघाच्या पट्ट्यांचंही असंच आहे. नागरहोळेच्या जंगलात उल्लास कारंथांनी १९९० च्या दशकात कॅमेरे लावून पट्ट्यांवरून वाघ मोजले, तेव्हा जनावराच्या दोन्ही बाजू टिपायला वाटेच्या दोन्हीकडे कॅमेरे लावावे लागले. आज ताडोब्यातला कोणताही वाटाड्या पट्टे बघून वाघिणीचं नाव, आईचं नाव आणि भांडण कोणाशी आहे तेसुद्धा सांगतो.

ठिपक्यांवरून मला गच्ची आठवली. आठवते का? थंडीतल्या अमावास्येच्या आसपास सर आपल्याला शाळेच्या गच्चीवर बोलवायचे. घोंगडी अंथरून, टॉर्चला लाल कागद लावून. कृत्तिका दाखवताना म्हणायचे, एकेक तारा बघू नका, त्यांच्यातली अंतरं बघा. मृगाचे तीन तारे धरा, रेघ लांबवा, व्याध सापडेल. माझ्या पहिल्या वहीत माशांना नावं दिली आहेत ती तिथली: कृत्तिका, व्याध, शर्मिष्ठा. स्वल्पविराम तेवढी मराठीच्या तासातली.

सर, तुम्हाला आवडेल असं एक सांगतो. एडवर्ड ग्रोथ नावाच्या खगोलशास्त्रज्ञांनी १९८६ साली ताऱ्यांच्या दोन याद्या आपोआप जुळवण्याची रीत मांडली. तीन-तीन ताऱ्यांचे त्रिकोण करायचे आणि दोन छायाचित्रांतले त्रिकोण जुळतात का ते पाहायचं. २००५ साली तीच रीत काही जणांनी व्हेल शार्कच्या अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांना लावली, आणि समुद्रातला एवढा प्रचंड मासा कोणता ते फोटोवरून ओळखता येऊ लागलं. आकाशाचं गणित माशाच्या पाठीवर चाललं. हे वाचलं तेव्हा मला कोणालातरी फोन करावासा वाटला होता. तुमचा नंबर माझ्याकडे नव्हता.

२०११ च्या हंगामात माझ्या वहीत ६१ मासे होते. मोठा मिरवत होतो. जानेवारीत बाहेर गुडघाभर बर्फ असताना फोटो जुळवत बसलो. मासे निघाले ३८. म्हणजे एकसष्ट वेळा मी पकडले, पण पकडले गेले अडतीस जण. काही चारपाच वेळा, काही एकदाच. गळ टाकणारा कधी मासे मोजत नाही, स्वतःचे पराक्रम मोजतो. ओढा माशांनी भरलाय असं जे मला वाटत होतं, त्यातला बराचसा भाग तेच-ते मासे होते.

गणिताच्या बाईंसाठी इथे छोटं उदाहरण आहे. आज वीस मासे पकडले, ओळखून ठेवले, सोडले. महिन्याने पुन्हा वीस पकडले, त्यात पाच ओळखीचे निघाले. म्हणजे ओढ्यातला साधारण चौथा हिस्सा आपल्या ओळखीचा. ओळखीचे वीस, म्हणून एकूण सुमारे ऐंशी. यात गोम एवढीच की गळाला तेच-ते भोळे मासे पुन्हा लागत असतील तर उत्तर खऱ्यापेक्षा कमी येतं, आणि एकदा पोळलेले पुन्हा फिरकतच नसतील तर जास्त. बाई मान हलवताहेत, म्हणजे बरोबर असावं.

स्वल्पविराम मला चार हंगामांत सात वेळा मिळाली. दर वेळी त्या मुळांपासून चाळीस पावलांच्या आत. ट्राउट जागेला धरून राहते. चांगली जागा म्हणजे वाहता घास समोर आणि लपायला आडोसा मागे, आणि त्यासाठी त्यांच्यात मारामाऱ्या होतात. तिची जागा वर्षागणिक सुधारत गेली. आधी मुळांच्या खाली प्रवाहात, मग कडेला, शेवटी थेट मुळांच्या पोटात. बढती मिळाल्यासारखी. आमच्या घरी ही विचारायची, “आज भेटली का?” आणि मला कोण ते विचारावं लागायचं नाही.

२०१२ च्या जुलैमध्ये पाऊस नव्हता. ओढा खाली गेला होता. दुपारी तीनच्या सुमाराला गेलो, जायला नको होतं. थर्मामीटर खिशात होता, तो पाण्यात घातला नाही. घातला असता तर परतावं लागलं असतं, हे कुठेतरी ठाऊक असावं. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की ट्राउटचा जीव आधीच मेटाकुटीला आलेला असतो, गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो. दुसऱ्याच फेकीला ती लागली. चौदा इंच झाली होती, झुंजलीही बराच वेळ. जाळीत घेतली तर कल्ल्यावर नवा ओरखडा, बहुधा बगळ्याचा, आणि तो नेमका माझ्या स्वल्पविरामावरून गेलेला. मला तो नीट टिपायचा होता. पहिल्या फोटोत ऊन चकाकलं. दुसऱ्यात ती हलली. ठिपका स्पष्ट दिसावा म्हणून मी अंगठ्याने तिच्या गालावरची बुळबुळ पुसली. हे मी आजवर हिच्याशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. ती बुळबुळ म्हणजे माशाची कातडीच समजा, रोग अडवणारी. दोन मिनिटं तरी ती पाण्याबाहेर असेल. सोडली तेव्हा सरळ पोहत गेली, आणि मी समाधानाने वहीत सातवी नोंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या उथळ खड्यांवर पोट वर करून पडलेली सापडली. ओळख पटवायला फोटो लागला नाही.

त्यानंतर मी वाचायला बसलो, जे आधी करायचं ते. कॅनडातल्या दोन संशोधकांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे, रेनबो ट्राउटवरचा. माशांना दमेपर्यंत पळवलं. नुसते दमलेले, त्यातले १२ टक्के मेले. दमवून तीस सेकंद हवेत धरलेले, त्यातले ३८ टक्के. एक मिनिट धरलेले, ७२ टक्के. प्रयोगशाळेतले आकडे आहेत, ओढ्यात इतके जात नसतील. पण माझी दोन मिनिटं मी त्या कोष्टकाखाली मनातल्या मनात लिहिली. आणि मासा सरळ पोहत गेला म्हणजे वाचला, हा समजही गेला. मरण मागाहून येतं, पकडणारा घरी पोचल्यावर.

आजीला मी एकदा सुट्टीत आलो असताना सगळं कौतुकाने सांगितलं होतं. ती म्हणाली, “खायचा नाही, तर धरायचा कशाला रे? त्याला काय गंमत वाटते?” तेव्हा मी हसून टाळलं. २००३ साली ब्रिटनमध्ये लिन स्नेडन यांनी दाखवलं की ट्राउटच्या ओठांना इजा जाणणाऱ्या नसा आहेत. ओठात आम्ल टोचलेले मासे खड्यांवर ओठ घासत. याला आपल्या अर्थाने वेदना म्हणावं का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. स्वित्झर्लंडमध्ये तर सोडून देण्याच्याच इराद्याने मासा पकडायला कायद्याने बंदी आहे. म्हणजे पेनसिल्व्हेनियात मासा घरी नेला तर मी गुन्हेगार, आणि तिकडे सोडायचा ठरवून पकडला तर. आजी स्वित्झर्लंडच्या बाजूची होती.

दीड वर्ष मी गळाला हात लावला नाही. पुलावरून नुसता बघायचो. पण वरून फक्त पाठ दिसते, सावलीसारखी, आणि ओळखू कोणीच येत नाही. ओळख हवी तर धरावं लागतं, आणि धरलं की इजा आलीच. यातून मला वाट सापडलेली नाही. शाकाहारी माणसाने सांगावं तसं पटवून देता येईल असं उत्तर माझ्याकडे नाही, आणि आजीही आता नाही.

पुन्हा जाऊ लागलो ते वेगळ्या रीतीने. गळाचा उलटा दात पकडीने चेपून टाकतो, म्हणजे तो अलगद सुटतो. हात आधी ओले करतो. थर्मामीटर आधी, गळ मागाहून. अठराच्या वर पारा दिसला की परत. मासा जाळीतच, पाण्यातच राहतो, आणि फोटो वरून, पाण्यासकट. ठिपके थोडे थरथरतात. दहातल्या तीनचार फोटोंत ओळख पटतच नाही, तिथे वहीत नुसती रेघ मारतो. पूर्वी अशी रेघ मला सहन झाली नसती. दिवसाला दोनतीन मासे झाले की काठी आवरतो. राहिलेला वेळ काठावर बसून काढतो. हिच्या मते ते आधीपासून करायला हवं होतं, मासे सोडून.

आज सकाळी मी सरांच्या पाया पडलो. सर आता अठ्ठ्याऐंशीचे आहेत, दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली. मी नाव सांगणार, तेवढ्यात त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि म्हणाले, “डाव्या भुवईवर खोक. गच्चीच्या जिन्यावरून पडला होतास.” मग सोडलं. पंचेचाळीस वर्षांनी.

मासे दाखवा, असं सरांनी मला सकाळीच सांगितलंय. म्हणून मी सहा फोटो मोठे छापून आणले आहेत आणि एक भिंग. जेवणानंतर मागच्या टेबलावर ठेवतो. सहा फोटो आहेत, मासे चार आहेत. एकाला मध्ये दोन वर्षं झाली आहेत, तेव्हा आकारावर जाऊ नका. डोळ्यामागचे ठिपके बघा आणि त्यांच्यातली अंतरं. शर्मिष्ठा कोणती ते सरांना न विचारता सांगायचं.